हात आत जातोच का?
लहान कारखान्यांतील अपघात आणि व्यवसायजन्य आजार टाळण्यासाठी

पॉवर प्रेसवर हाताने जॉब लावणारा कामगार मिनिटाला दहा स्ट्रोक घेतो असे धरा. जेवण-चहाची सुट्टी वगळून सात तास काम झाले, तर एका पाळीत त्याचा हात पंच आणि डाय यांच्यामध्ये ४,२०० वेळा जातो. ४,१९९ वेळा त्याचे लक्ष जागेवर असते. एकदाच, रात्रपाळीच्या पहाटे किंवा सुट्टी व्हायच्या आधीच्या दहा मिनिटांत, ते ढळते आणि बोट जाते. दिवसाला चार हजार वेळा तीच हालचाल करून वर्षानुवर्षे एकदाही न चुकणारा माणूस सापडणार नाही. असे असताना अपघाताच्या नोंदीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहून वही मिटवणे म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी करणे होय.

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींतल्या लहान आणि मध्यम कारखान्यांचे मालक, सुपरवायझर आणि कामगार यांच्यासाठी हा लेख आहे. मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी असतो. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार हजार कामगारांपासून तो नेमावा लागत असे. नव्या सुरक्षा संहितेने (तपशील शेवटी, ‘विमा आणि कायदा’ या भागात) ही मर्यादा ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियांसाठी २५० वर आणली आहे. चाळीस माणसांच्या शेडला यातले काहीच लागू होत नाही, आणि मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग तर अशाच शेडमध्ये तयार होतात. गुरुग्राम-मानेसरच्या वाहन उद्योगातील जखमी कामगारांसोबत काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. पुरवठादारांच्या साखळीत, पॉवर प्रेसवर चिरडलेली बोटे हा त्या अहवालांचा मुख्य विषय आहे. प्रेस तोच, कामाची पद्धतही तीच, त्यामुळे आपल्याकडचा धोका वेगळा नाही.

आधी प्रश्न, मग उपाय

धोका दिसला की आपण हातमोजे आणतो किंवा ‘सावधान’चा फलक लावतो. हे उपाय सर्वांत स्वस्त आहेत आणि सर्वांत कमकुवतही. त्याआधी पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

१. हे धोक्याचे काम करावेच लागते का? जॉबची रचना किंवा प्रक्रिया बदलून ते टाळता येईल का?
२. कमी धोक्याचा पदार्थ किंवा पद्धत वापरता येईल का?
३. माणूस आणि धोका यांच्यामध्ये गार्ड, झाकण किंवा धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवता येईल का?
४. कामाचा क्रम, वेळ, प्रशिक्षण यांत काय बदलावे?
५. एवढे करूनही जो धोका उरला, त्यासाठी मास्क, चष्मा, बूट कोणते द्यावेत?

वरचे तीन उपाय माणसाच्या सावधपणावर अवलंबून नसतात. कामगार दमलेला असो, नवा असो की घरच्या काळजीत असो, ते त्याला वाचवतात. माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्रानेच त्याची चूक पोटात घातली पाहिजे. प्रत्येक यंत्रासमोर उभे राहून विचारायचा प्रश्न म्हणूनच साधा आहे: हात आत जातोच का?

पॉवर प्रेस: आधी क्लच ओळखा

सेन्सर, म्हणजे लाइट कर्टन, बसवला की प्रेस सुरक्षित झाला, हा समज अनेक ठिकाणी आढळतो आणि तो जीवघेणा आहे. जुन्या प्रेसवर पिन क्लच किंवा रोलिंग-की क्लच असतो. पेडल दाबून क्लच लागला की फेरा पूर्ण होईपर्यंत असा प्रेस मध्येच थांबत नाही. सेन्सरने हात पाहिला तरी रॅम खाली येणारच. लाइट कर्टनचा उपयोग कुठल्याही क्षणी थांबू शकणाऱ्या यंत्रावरच होतो, म्हणजे न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचच्या किंवा हायड्रॉलिक प्रेसवर. तिथेही अंतर मोजावे लागते. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे जातो असे धरले आणि प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात अर्धा मीटर आत गेलेला असतो. सेन्सर डायला चिकटून बसवला असेल तर तो असून नसल्यासारखा. थांबण्याची वेळ दर काही महिन्यांनी मोजून घ्या, कारण ब्रेक झिजला की ती वाढते.

पिन क्लचच्या प्रेसवर पुढील उपाय करा.

- डायभोवती पक्का गार्ड बसवा. ब्लँक आत सरकेल एवढीच फट ठेवा. फट ६ मि.मी.पेक्षा कमी असेल तर बोट आत शिरत नाही.
- हाताने लावण्याऐवजी सरकपट्टी, उतरता चुट किंवा रोल फीड वापरा. तयार जॉब हवेच्या झोताने किंवा नॉकआउटने बाहेर पडेल अशी सोय करा.
- डाय बनवतानाच टूलरूमला सांगा की ती बंद प्रकारची हवी. अपघातानंतर गार्ड जोडण्यापेक्षा डायच्या ड्रॉइंगमध्येच तो आखणे कितीतरी स्वस्त पडते.
- पेडलवर झाकण हवेच. वरून पडलेला जॉब किंवा चुकून पडलेला पाय स्ट्रोक सुरू करतो.
- चिमटा किंवा चुंबकी दांडी हा तात्पुरता आधार आहे, गार्डचा पर्याय नव्हे.

‘प्रेस डबल पडला’ असे कोणी म्हटले तर त्या क्षणी यंत्र बंद करा. पेडल एकदा दाबून रॅम दोनदा खाली येणे म्हणजे क्लचची की झिजली आहे, स्प्रिंग तुटली आहे किंवा ब्रेक सैल झाला आहे. ‘आजची ऑर्डर होऊ दे, उद्या बघू’ या वाक्याने अनेकांची बोटे घेतली आहेत. डाय बदलताना आणि सेट करताना रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय सेटरने हात आत घालू नये. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत असते, आणि त्या फिरण्यात एक स्ट्रोक पडायला लागणारी ताकद शिल्लक असते.

बंद म्हणजे खरोखर बंद

दुरुस्ती, सफाई आणि अडकलेला जॉब काढणे या वेळी होणारे अपघात सर्वांत भीषण असतात. मेंटेनन्सचा माणूस आत असतो आणि दुसरा कोणी ‘लाइट आली वाटतं’ म्हणत बटण दाबतो. यावरचा उपाय काही शे रुपयांचा आहे: प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला स्वतःचे कुलूप आणि त्याची एकच किल्ली द्या. मेन स्विच बंद करून त्याने तिथे कुलूप लावायचे, नावाची पाटी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघे काम करत असतील तर दोन कुलुपे. त्यानंतर हवेचा दाब सोडायचा, हायड्रॉलिकचा दाब उतरवायचा, वर अडकलेला भाग टेकवायचा आणि बटण दाबून यंत्र सुरू होत नाही याची खात्री करायची. हात त्यानंतरच आत.

ज्यांचा पंचनामा होत नाही असे आजार

बोट तुटले की आरडाओरडा होतो. फुप्फुस, कान आणि कंबर मात्र वर्षानुवर्षे निमूट झिजतात, आणि त्यांचा कारखान्याशी संबंध कोणी जोडतही नाही.

*धूळ.* कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरासारख्या फाउंड्री पट्ट्यांत साच्यातली वाळू म्हणजे सिलिका. नॉकआउट, फेटलिंग आणि ब्लास्टिंगच्या वेळी तिचे इतके सूक्ष्म कण उडतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत. नाकात अडकणाऱ्या मोठ्या धुळीपेक्षा हेच कण घातक, कारण ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो आणि क्षयरोगाचा धोकाही वाढवतो. तुमच्याकडे धूळ किती आहे हे पाहायचे असेल तर रात्रपाळीत दिवे मालवून यंत्राजवळ प्रखर टॉर्चचा झोत आडवा मारा. दिवसा स्वच्छ वाटणारी हवा कणांनी भरलेली दिसेल.

उपाय त्याच क्रमाने. ब्लास्टिंगसाठी वाळूऐवजी स्टीलचे शॉट किंवा ग्रिट वापरा आणि ते काम बंद कक्षात करा. फेटलिंगची जागा वेगळी ठेवा. धूळ ओढणारे हुड उगमाच्या अगदी जवळ असू द्या. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढे अंतर गेले की हवेची ओढ सुमारे दहा टक्क्यांवर येते, त्यामुळे दोन फुटांवरचा पंखा फक्त वीज खातो. जमीन कोरड्या झाडूने झाडू नका. पाणी शिंपडा किंवा व्हॅक्यूम वापरा. घरी जाताना कपडे कॉम्प्रेसरच्या हवेने झटकण्याची सवय आजच बंद करा. उरलेल्या धुळीसाठी एन-९५ किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही.

*आवाज.* हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा अधिक आहे असे समजा. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. नुकसान आधी बारीक, उंच स्वरांत होते, म्हणून कामगाराला ते कळत नाही. घरचे लोकच प्रथम म्हणतात की टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवता. यंत्राखाली रबरी पॅड घाला, सैल पत्रे आवळा, एअर नोझलला सायलेन्सर लावा, जॉब लोखंडी पेटीत उंचावरून पडण्याऐवजी रबर लावलेल्या उतारावरून घसरू द्या. इअर प्लग बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून तो आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. बाहेर लोंबणारा प्लग निरुपयोगी. श्रवणचाचणी कामावर घेताना एकदा आणि नंतर दरवर्षी करा. ती पाळी सुरू होण्यापूर्वी करावी, म्हणजे निकाल खरा येतो.

*ओझे.* अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या सूत्रानुसार उचलण्याची परिस्थिती आदर्श असली तरी वजन २३ किलोपेक्षा जास्त नसावे. वाकावे लागले, कंबर वळवावी लागली किंवा वस्तू अंगापासून दूर धरावी लागली की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. जॉबचे क्रेट जमिनीवर ठेवणे बंद करून कंबरेच्या उंचीच्या स्टँडवर ठेवले, तर एका पाळीतली शेकडो वाकणी वाचतात. चाकांची ट्रॉली, साखळी पुली आणि क्रेटचे वजन निम्मे करणे, यांपेक्षा मोठी गुंतवणूक सहसा लागत नाही.

*रसायने.* प्लेटिंगमधील क्रोमियमच्या वाफेने नाकाच्या पडद्याला भोक पडते, पीयू पेंटमधील आयसोसायनेटने दमा होतो, कूलंटने हातांना न सुटणारी खाज लागते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड केल्यावर रात्री थंडी-ताप येतो तो जस्ताच्या धुरामुळे. प्रत्येक डब्यावर मराठी आणि हिंदीत नाव आणि धोका लिहा. पाण्याच्या बाटलीत थिनर ठेवण्यावर सक्त बंदी घाला.

साधने देताना

सुरक्षा साधने शेवटची असली तरी ती नीट निवडावी लागतात. ड्रिल, लेथ यांसारख्या फिरत्या यंत्रावर कापडी हातमोजे कधीही घालू नयेत. मोजा गुंडाळला जातो आणि हातासह आत जातो. ओढणी, सैल बाही, मनगटातले कडे, गळ्यातली साखळी यांचेही तेच. पत्रा उचलायला कापरोधक मोजे लागतात, रसायनाला रबरी. एकच जोडी सगळीकडे चालत नाही. साधन अडचणीचे वाटत असेल तर कामगार ते काढून ठेवणारच. निवडताना त्यालाच दोन-तीन प्रकार वापरून पाहू द्या.

नवा माणूस, कंत्राटी माणूस

यंत्र अनोळखी आणि ‘नाही जमत’ म्हणण्याचा धीर नाही, म्हणून धोका सर्वांत जास्त नव्या माणसाला. कालपर्यंत झाडू मारणाऱ्या हेल्परला ऑपरेटर आला नाही म्हणून प्रेसवर बसवणे ही अनेक अपघातांची सुरुवात असते. कोण कोणते यंत्र चालवू शकतो याची फोटोसह यादी यंत्रावर लावा आणि यादीबाहेरच्या माणसाला बसवू नका. त्याच्याच भाषेत शिकवा, त्याच्याकडून करून घ्या आणि मग सही घ्या. कंत्राटदाराचा माणूस तुमच्याच छताखाली काम करतो; त्याच्या बोटांची जबाबदारी कंत्राटात लिहून टाळता येत नाही. सलग दोन पाळ्या कोणालाही देऊ नका.

‘शून्य अपघात’ झाल्यास बक्षीस, ही योजना वरून चांगली दिसते, पण तिने जखमा लपवल्या जातात. त्याऐवजी थोडक्यात टळलेला प्रसंग सांगणाऱ्याचे कौतुक करा. हात निसटता वाचला, साखळी घसरली, गार्ड सैल झाला: अशी प्रत्येक नोंद म्हणजे फुकटात मिळालेला धडा. रोज पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटे उभ्या-उभ्या त्यावर बोला.

अपघात झालाच तर

- आधी वीज आणि यंत्र बंद. शॉक लागलेल्या माणसाला वीज तोडल्याशिवाय स्पर्श करू नका.
- रक्तस्रावावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या आणि हात वर धरा. हळद, चहापत्ती भरू नका.
- तुटलेले बोट स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी गोठून मरतात. ते रुग्णाबरोबरच पाठवा.
- भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, तेल लावू नका.
- डोळ्यात रसायन गेल्यास पापण्या उघड्या ठेवून किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुवा, मगच दवाखाना.
- १०८ क्रमांक आणि हाताची शस्त्रक्रिया होणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचा पत्ता भिंतीवर लिहून ठेवा. हे शोधण्याची वेळ अपघातानंतरची नव्हे.

मग चौकशी. ‘का’ हा प्रश्न कामगाराच्या नावापाशी थांबवू नका. हात आत का गेला? जॉब अडकला म्हणून. का अडकला? डायची धार गेली होती. धार का लावली नाही? सुटा पंच नव्हता. इथे पोहोचल्यावर काय करायचे ते स्पष्ट दिसते.

विमा आणि कायदा

कामगार राज्य विमा योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. कामावरच्या दुखापतीत तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो, आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली ही अट नसते. कामगाराची नोंदणी रुजू होण्याच्या दिवशीच करा आणि ई-पहचान कार्ड त्याच्या हाती द्या. अपघाताची माहिती २४ तासांत कळवा. भरपाईच्या कायदेशीर तक्त्यात पूर्ण अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट धरतात, पूर्ण तर्जनीसाठी १४ टक्के. आयुष्यभर डावा-उजवा हात सांभाळत जगणाऱ्या माणसाचे नुकसान या आकड्यांत मावत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र या त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी आहेत. मार्गदर्शनासाठी राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि नवी मुंबईतील राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांच्याकडे जाता येते.

कामगार बंधू-भगिनींनो

गार्ड काढून काम करायला सांगितले तर नकार द्या आणि तो शक्यतो चारचौघांत द्या. धोक्याची माहिती मागणे आणि धोका लक्षात आणून देणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. खोकला, धाप, कानात आवाज, हाताला मुंग्या यांसाठी डॉक्टरांकडे गेलात तर न विचारताही सांगा: मी काय काम करतो, किती वर्षे, कशाच्या धुळीत. सिलिकोसिस अनेकदा क्षयरोग समजला जातो, कारण हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

सुरुवात या आठवड्यात

पहिल्या दिवशी सर्व यंत्रांची यादी करा आणि ज्यावर हात आत जातो त्यापुढे लाल खूण करा. दुसऱ्या दिवशी त्यातले सर्वांत वाईट यंत्र निवडून ऑपरेटर, सेटर आणि टूलरूमच्या माणसाला एकत्र बसवा; गार्ड कसा हवा हे त्यांना सर्वांत चांगले ठाऊक असते. आठवडाभरात तो बनवून बसवा, मग दुसरे यंत्र घ्या. खंडेनवमीला आपण यंत्रे पुसून, हार घालून त्यांची पूजा करतो. त्याच दिवशी प्रत्येक यंत्राचा गार्ड, ब्रेक, क्लच, इमर्जन्सी बटण आणि अर्थिंग तपासून तारखेसह नोंद करण्याची प्रथा घालून द्या.

लाल खुणांची ती यादी ऑफिसच्या कपाटात नको, शॉपफ्लोअरवर सगळ्यांना दिसेल अशी लावा. दर महिन्याला किती खुणा पुसल्या गेल्या हे उत्पादनाच्या आकड्याशेजारीच लिहा आणि मालकाने ते दोन्ही आकडे एकाच बैठकीत, सारख्याच काळजीने वाचावेत.